बिबट्यासाठी रायफल: हातातली .३०-०६ पुरेल की .३७५ घ्यावी?

लिंपोपोकाठ (जोहान्सबर्ग)

नमस्कार मंडळी,

येत्या जुलैत झिंबाब्वेत बिबट्याची शिकार नक्की झाली आहे. बुलावायोच्या दक्षिणेला, मातोबो टेकड्यांना लागून असलेलं खासगी रान, चौदा दिवस. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरीमुळे बारा वर्षं जोहान्सबर्गला. इथे दर हिवाळ्यात इंपाला, ब्लेसबक, एखादा कुडू अशी चार-पाच हरणं मारतो, मांस घरी येतं. रायफल एकच आहे, बोल्टची .३०-०६ (हे काडतुसाचं माप, .३७५ त्याहून जाड आणि जड), वर ३-९x४० दुर्बीण, म्हणजे मोठेपणा ३ ते ९ पट आणि पुढची काच ४० मिमी. तिचा चाप कुठे सुटतो ते माझ्या बोटाला झोपेतही सांगता येईल.

पण रेंजवर ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर: "बिबट्या म्हणजे धोकादायक जनावर, .३७५ शिवाय जाऊ नकोस." एक जण तर म्हणाला की .३०-०६ घेऊन गेलास तर तिथला व्यावसायिक शिकारी (पाहुण्याला शिकारीला नेणारा) तुला लपणात, म्हणजे आमिषासमोर दबा धरून बसायच्या जागेत, बसूच देणार नाही. नवी रायफल घ्यायची तर परवान्याला महिने जातील, आज अर्ज केला तरच जुलैच्या आत हातात पडेल. म्हणून घाई आहे.

तर विचारायचं असं की कायद्याने .३०-०६ चालते का, गोळी कुठली घ्यावी आणि ही दुर्बीण संध्याकाळच्या उजेडात पुरेल का. ज्यांनी प्रत्यक्ष बिबट्यासाठी रात्री काढल्या आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

---

बाभूळबन (बुलावायो)

लिंपोपोकाठ, आमच्या गावाकडेच येताय, तेव्हा मी लिहिलंच पाहिजे. मी शिकारी परवानाधारक नाही. सव्वीस वर्षं या भागात शिकारीच्या कॅम्पचं सामान, गाड्या, शीतघर हे सांभाळतोय. बिबट्याच्या लपणात बसलो आहे आणि जखमी बिबट्याच्या मागावरही गेलो आहे.

आधी कायदा. झिंबाब्वेत जनावरांचे वर्ग पाडलेले आहेत आणि प्रत्येक वर्गाला नळीचा किमान व्यास आणि गोळीची किमान ऊर्जा ठरवून दिली आहे. हत्ती, म्हैस, पाणघोडा यांना ९.२ मिमी आणि ५.३ किलोज्यूल. सिंहाला ७ मिमी आणि ४.३ किलोज्यूल. बिबट्याला ७ मिमी आणि ३ किलोज्यूल, म्हणजे कुडूच्याच रांगेत. तुमची .३०-०६ ही ७.६२ मिमी, १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी सेकंदाला २७०० फुटांच्या वेगाने सुटली तर नळीच्या तोंडाशी ३९०० ज्यूलच्या आसपास. कायद्याला भरपूर पुरते. दुसऱ्या देशात नियम वेगळे असतात, काही ठिकाणी धोकादायक म्हटलेल्या सगळ्याच जनावरांना .३७५ लागते. त्यामुळे रेंजवरची मंडळी खोटं बोलत नाहीत, पण त्यांचा नियम इथला नाही.

आता जनावर. आमच्याकडचा भरलेला नर साठ-सत्तर किलोचा. मादी पस्तीस-चाळीस. कातडी पातळ, हाडं मांजराची. तुम्ही मारलेला प्रत्येक कुडू त्याच्या तिपटीने जड होता. अशा जनावराला ३०० ग्रेनची म्हशीसाठी बनवलेली गोळी मारली तर ती आत उघडण्याआधीच पलीकडे निघून जाते.

हे ऐकीव नाही. काही वर्षांपूर्वी एक पाहुणा नवी कोरी .३७५ घेऊन आला होता, बरोबर जाड कवचाची जड काडतुसं, "सगळ्या आफ्रिकेला एकच". नवव्या संध्याकाळी नर झाडावर आला. पाहुण्याला त्या रायफलीच्या धक्क्याची सवय नव्हती, चाप ओढताना तो दचकला, गोळी फऱ्यापासून चार बोटं मागे गेली. बिबट्या खाली पडला, एकदा घुरघुरला आणि गवतात नाहीसा झाला. झाडाखाली आम्हाला कापलेले केस मिळाले, चिमूटभर. आणि एका पानावर ज्वारीच्या दाण्याएवढं रक्त. बस्स, तेवढंच. गोळी शिरल्याचं आणि बाहेर पडल्याचं, दोन्ही भोकं इतकी बारीक होती की रक्त बाहेर यायला वाटच नव्हती.

सकाळी मागावर गेलो. एकशे चाळीस पावलं. आडव्या पडलेल्या मोपानेच्या खोडामागे तो जमिनीला चिकटून होता. पुढे चालणारा आमचा मागकाढ्या खोड ओलांडायला पाय उचलतो न उचलतो तोच बिबट्या त्याच्या अंगावर. व्यावसायिक शिकाऱ्याने दोन हातांवरून बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) झाडली म्हणून माणूस वाचला. पण डावा दंड कोपरापर्यंत फाडला होता. त्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत.

म्हणून सांगतो, बोअरचा, म्हणजे नळीच्या मापाचा, आकडा नंतर बघा. आधी, ती रायफल तुम्ही न दचकता झाडू शकता का? मग, गोळी पातळ जनावरात उघडते का? दोन्हीचं उत्तर तुमच्या .३०-०६ साठी "हो" असेल तर नव्या परवान्याचा अर्ज खिशातच ठेवा.

---

वाळवंटी (विंडहुक)

बाभूळबन यांना पूर्ण अनुमोदन, एक भर घालून. .३७५ एच अँड एच १९१२ सालची, शंभर वर्षांत तिने नाव कमावलं ते उगाच नाही. पण तिचा धक्का .३०-०६ च्या जवळपास दुप्पट बसतो. हरणं मारून सरावलेल्या माणसाने तीन-चार महिन्यांत .३७५ अंगवळणी पाडायची असेल तर आठवड्याला दोनदा रेंजवर जायला हवं. नोकरी करणाऱ्याला जमतं का ते प्रामाणिकपणे ठरवा.

ज्यांच्याकडे .३७५ आधीपासून आहे आणि हातात बसलेली आहे, त्यांनी मात्र तीच न्यावी. फक्त गोळी हलकी घ्यावी, २३५ ते २७० ग्रेनची मऊ नाकाची. म्हशीची आणि बिबट्याची काडतुसं एका खिशात ठेवू नयेत.

९.३x६२ कुणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. १९०५ ची जर्मन काडतूस आहे, आमच्या नामिबियात घरोघरी सापडते. उत्तम आहे, पण तोच मुद्दा: नसेल तर बिबट्यासाठी मुद्दाम घेऊ नका.

---

खडकीकाका (पुणे)

मी उभ्या आयुष्यात बिबट्यावर नेम धरलेला नाही आणि धरणारही नाही. पण छत्तीस वर्षं काडतुसं हाताळली आहेत, तेव्हा गोळीबद्दल लिहायचा हक्क सांगतो.

लिंपोपोकाठ, गोळी म्हणजे नुसता शिशाचा तुकडा नव्हे. आत शिसं, बाहेर तांब्या-जस्ताचं कवच, आणि नाकाशी कवच किती जाड आहे यावर ती कधी उघडणार ते ठरतं. साधी मऊ नाकाची गोळी, जिच्यात शिसं कवचात नुसतं बसवलेलं असतं, ती अंगात शिरल्यावर दोन-तीन बोटांतच छत्रीसारखी पसरते. बिबट्याच्या छातीची रुंदीच मुळी वीतभर. त्यामुळे तिथे लवकर उघडणारीच हवी.

दुसऱ्या टोकाला पूर्ण तांब्याच्या गोळ्या आणि शिसं कवचाला जोडून टाकलेल्या गोळ्या. त्या वजन टिकवतात, खोल जातात, हाड फोडतात. इलंडसारख्या मोठ्या हरणाला किंवा म्हशीला त्या हव्यातच. मधला मार्ग म्हणजे नोस्लर पार्टिशन. जॉन नोस्लर यांनी १९४८ च्या सुमारास बाजारात आणलेली कल्पना: कवचाला मध्ये तांब्याचा पडदा, पुढचा भाग झटकन फुलतो, मागचा भाग शाबूत पुढे जातो. तुमच्या .३०-०६ मध्ये १६५ किंवा १८० ग्रेनची पार्टिशन किंवा साधी मऊ नाकाची, दोन्ही चालतील. मी असतो तर साधी घेतली असती. पार्टिशन अशासाठी सुचवतो की जनावर ऐन वेळी तिरकं वळलं तर खोलीची गरज पडते.

जाता जाता ७x५७ बद्दल. ही १८९२ ची माउझर काडतूस, आणि इंग्लंडच्या रिग्बी कंपनीने .२७५ या नावाने विकली तीच. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर १९०७ मध्ये जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची. पातळ कातडीच्या जनावराला ती आजही पुरते. पण झिंबाब्वेचा ३ किलोज्यूलचा आकडा वाचला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १४० ग्रेनची गोळी २६६० फुटांच्या वेगाने सुटली तर ऊर्जा येते २९८० ज्यूलच्या आसपास. म्हणजे नियमाच्या काठावर, आतल्या बाजूला नव्हे. जुनी ७x५७ घेऊन जाणाऱ्याने डबीवरचा वेग वाचून गणित करावं आणि जड गोळीची, ३ हजार ओलांडणारी काडतुसं घ्यावीत. ६.५ मिमी वाल्यांनी तर विचारूच नये, व्यासातच बाद.

---

लिंपोपोकाठ

काका, हे गणित कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद. बाभूळबन दादा, त्या मागकाढ्याचं वाचून रात्री झोप लागली नाही. .३७५ चा विचार सोडला असं जवळजवळ ठरलंय. दुर्बिणीचं कुणी सांगेल का?

---

भिंगवाला (नाशिक)

दुर्बिणीवर मी लिहितो, माझा धंदाच काचांचा आहे.

वस्तुभिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, म्हणजे डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी. ४० भागिले ९ म्हणजे ४.४ मिमी. अंधारात तरुण माणसाची बाहुली ७ मिमीपर्यंत फाकते, चाळिशी-पन्नाशीनंतर पाच-साडेपाच. त्यामुळे दुर्बीण ९ वर ठेवलीत तर बाहुली उघडी आणि प्रकाश अपुरा. ६ वर आणलीत की ४० भागिले ६ म्हणजे ६.७ मिमी, डोळ्याला घेता येईल तेवढा सगळा प्रकाश मिळतो. म्हणजे तुमच्याकडे आहे तीच दुर्बीण फक्त ६ वर फिरवून ठेवली तर संध्याकाळची दहा मिनिटं वाढतात. शिकारी लोक घाबरून उलटं करतात, अंधारलं की मोठेपणा वाढवतात आणि चित्र आणखी काळवंडतं.

जर्मन लोक ८x५६ वापरतात त्यामागे हेच गणित: ५६ भागिले ८ बरोबर ७.

पण काचेइतकीच आतल्या नेम धरायच्या रेषांची गोष्ट आहे. बारीक केसासारखी फुली असेल तर ठिपक्यांच्या कातडीवर ती दिसेनाशी होते. खाली आणि दोन्ही बाजूंना जाड खांब असलेली, जर्मन नंबर ४ म्हणतात ती रचना, किंवा मध्ये लाल ठिपका पेटणारी. ठिपका सगळ्यात मंद पायरीवर ठेवा, नाहीतर त्याच्याच उजेडाने बिबट्या झाकला जाईल. तुमची फुली कशी आहे?

---

लिंपोपोकाठ

बारीक आहे. अगदी बारीक. काल संध्याकाळी अंगणातल्या झाडावर धरून पाहिली. सहा वाजून पाच मिनिटांनी फांदी दिसत होती, फुली दिसत नव्हती.

---

भिंगवाला

मग रायफलीचे पैसे काचेत घाला. लाल ठिपक्याची, ५० किंवा ५६ ची. परवान्याची भानगड नाही.

---

रानजाई (जुन्नर)

हा धागा वाचून त्रास झाला. माझ्या घरामागे उसाचं शेत आहे, बिबट्याची मादी दोन पिल्लं घेऊन त्यात राहते. रात्री अंगणात जायला आम्ही भितो, शेळ्या गेल्या, तरी ती मेली पाहिजे असं आमच्या मनात येत नाही. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पिंजऱ्यात आयुष्य काढणारे बिबटे मी पाहिलेत. १९७२ पासून आपल्याकडे हे बंद आहे ते योग्यच आहे. पैसे देऊन परक्या मुलखात जाऊन तेच जनावर मारायचं आणि त्यासाठी फुली जाड की बारीक याचा खल करायचा, हे मला समजत नाही. रागाने लिहीत नाही, खरंच समजून घ्यायचं आहे.

---

लिंपोपोकाठ

ताई, तुमचा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. एका परिच्छेदात तुमचं समाधान होईल असं वाटत नाही, तरी लिहितो.

बिबट्या १९७५ पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, व्यापाराला बंदी. शिकारीच्या कातड्यांना देशागणिक वार्षिक मर्यादा आहे, झिंबाब्वेला ५००, नामिबियाला २५०. एका माणसाला वर्षात दोनपेक्षा जास्त कातडी नेता येत नाहीत. तरीही हे सगळं नीट चालतं असं मी म्हणणार नाही. दक्षिण आफ्रिकेने २०१६ आणि २०१७ ला स्वतःहून आकडा शून्यावर आणला होता, कारण बिबटे किती आहेत याची खात्री नव्हती. झांबियाने २०१३ ला मांजरकुळातल्या शिकारीवर बंदी घातली आणि बिबट्याची २०१५ ला उठवली. नियम ढिले पडले की नुकसान होतं हे इथल्या लोकांनाही माहीत आहे.

मी ज्या रानात जातोय ते तीस वर्षांपूर्वी गुरांचं होतं. तेव्हा बिबट्या दिसला की विष. आज तिथे गुरं नाहीत. जंगली जनावरांवर रान चालतं म्हणून कुंपणं निघाली. ते रान गुरांकडे परत गेलं तर पहिला बिबट्या मरेल, हे मला पटलंय. तुम्हाला पटावं असा आग्रह नाही.

---

बाभूळबन

रानजाई ताई, आमच्याकडे शेळी गेलेला माणूस आणि तुम्ही एकाच जागी उभे आहात. १९८९ पासून कॅम्पफायर नावाची योजना आहे, सरकारी नव्हे तर गावाच्या जमिनीवरच्या शिकारीचा वाटा जिल्हा परिषदेकडून गावाकडे यावा अशी. काही जिल्ह्यांत शाळेच्या खोल्या आणि दळणाच्या गिरण्या त्यातून झाल्या, काही ठिकाणी पैसा वरच मुरला. मी दोन्ही पाहिलं आहे.

---

रानजाई

उत्तराबद्दल आभार. पटलं नाही, पण ऐकलं. मग एवढंच विचारते. गोळी चुकीच्या जागी लागली तर त्याच्या मागे कोण जातं? पैसे देणारा की पगारावरचा माणूस?

---

बाभूळबन

ताई, हाच या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

कायद्याने जबाबदारी व्यावसायिक शिकाऱ्याची. प्रत्यक्षात सगळ्यात पुढे मागकाढ्या असतो, कारण रक्त त्यालाच दिसतं. त्याची नजर जमिनीवर आणि हातात काठी. त्याच्या खांद्यामागे शिकारी. पाहुण्याला बहुतेक शिकारी गाडीतच बसवतात, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातातली भरलेली रायफल बिबट्याइतकीच धोक्याची.

सिंह येताना आवाज देतो. बिबट्या देत नाही. तुम्ही त्याच्यावरून पुढे जाईपर्यंत तो गप्प राहील, आणि आला की एकाला ओरबाडून दुसऱ्याकडे वळेल. नखांत कुजलेलं मांस असतं, म्हणून जखम लहान असली तरी ती धुवून जंतुनाशक ओतल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि प्रतिजैविक त्याच तासाला.

हत्यार कुठलं यावर इथले शिकारीही भांडतात. अर्धे दुनळी बारा बोअर घेतात, मोठ्या छऱ्यांची, कारण दहा पावलांच्या आत नेम धरायला वेळच नसतो. उरलेले म्हणतात की छर्रे लांबून खोल जात नाहीत, म्हणून ते .३७५ च नेतात. मी पाहिलं त्या दिवशी बारा बोअरनेच माणूस वाचवला, पण अंतर दोनच हातांचं होतं.

आणि म्हणूनच पहिली गोळी. लिंपोपोकाठ, तुम्ही बोअरची चिंता करत होता, ती स्वतःच्या जिवासाठी असेल. खरी चिंता त्या काठीवाल्या माणसासाठी करा. तुमची गोळी चार बोटं मागे गेली तर त्याला गवतात जावं लागेल.

---

वाळवंटी

गोळी नेमकी कुठे, तेही लिहून टाकू. हरणावर सवय झालेली मंडळी फऱ्याच्या अगदी मागे, खालच्या बाजूला धरतात. बिबट्या बाजूने उभा असताना पुढच्या पायाच्या मधल्या रेषेवरून वर जा, छातीच्या उंचीचा एक तृतीयांश ते निम्मा. फऱ्यातूनच जाऊ द्या. समोरून छातीवर मारू नका, मान वळवून बघत असताना डोक्यावर तर नाहीच. वाट बघायची. तो मांस ओढायला वळतो आणि बाजू देतो. नाही दिली तर नाही मारायचा.

आणि नर-मादी. टांझानियात मादी मारायला बंदी आहे आणि शरीराची किमान लांबी १.३ मीटर लागते. तुमच्या रानात लेखी नियम काय ते विचाराच. नराची मान जाड, गळ्याखाली सैल कातडी लोंबते, डोकं रुंद. आमिषाजवळ कॅमेरा लावलेला असतो, त्याचे फोटो दिवसा नीट बघून ठेवा, संध्याकाळी ओळखायला जाऊ नका.

---

बाभूळबन

तयारीचं शेवटचं. रायफल झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी जुळवलेली, किती अंतरावर आहे? हरणांसाठी २०० यार्डांवर केली असेल तर साठ यार्डांवर गोळी इंचभर वर जाईल. फार नाही, पण माहीत असू द्या. लपण आणि झाड यात साधारण पन्नास ते सत्तर यार्ड असतात. तेवढ्याच अंतरावर, बसून, दुबेळक्यात रायफल ठेवून, संध्याकाळी सराव करा. दुपारच्या उन्हात उभं राहून केलेला सराव इथे कामाचा नाही. लपणात रायफल आधीच बेळक्यात बसवून आमिषाकडे रोखलेली असते, तुम्ही फक्त गाल टेकवायचा. विमानाने येणाऱ्यांसाठी: काडतुसं माणशी ५ किलोपर्यंत, रायफलीपासून वेगळ्या कुलूपबंद पेटीत. तुम्ही बाइटब्रिजच्या सीमानाक्यावरून गाडीने येणार, तेव्हा काडतुसांचा आकडा मोजून कागदावर लिहून ठेवा. नाक्यावर ते मोजतात.

---

लिंपोपोकाठ

ठरलं. .३७५ घेत नाही. दुर्बीण बदलली, ५६ ची, लाल ठिपक्याची. काडतुसं १८० ग्रेन, साधी मऊ नाकाची, एकाच खोक्यातली चाळीस. रेंजवाल्यांना संध्याकाळी उशिरापर्यंत थांबायची विनंती केली, आठवड्यातून एक दिवस ऐकतात. साठ यार्ड, बसून, दर वेळी पाचच गोळ्या. आल्यावर लिहीन.

---

लिंपोपोकाठ (चार महिन्यांनी)

परत आलो. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना हिशोब द्यायला हवा.

पहिले चार दिवस नुसती आमिषं लावण्यात गेले. इंपाला मारायची, कोरड्या ओढ्याकाठच्या झाडावर आडव्या फांदीखाली तारेने घट्ट आवळायची, वर पाला झाकायचा म्हणजे गिधाडांना दिसत नाही. आतडी गाडीमागे ओढत ओढ्यातून वासाची वाट काढायची. फांदी अशी निवडायची की बिबट्या खायला उभा राहिला की बाजूच देईल आणि मागे पश्चिमेचं आकाश राहील. अशी सात झाडं. पाचव्या सकाळी एका मरुलाच्या खोडावर नखांचे ताजे ओरखडे आणि खाली वाळूत पंजा. मागकाढ्याने आपली मूठ पंजात ठेवून दाखवली, मूठ आत बसली.

त्यानंतर सहा संध्याकाळी लपणात. साडेपाचला सूर्य टेकडीमागे जायचा, सहानंतर काही दिसायचं नाही. खोकायचं नाही, घड्याळाकडे बघायला मनगट वळवायचं नाही. तिसऱ्या संध्याकाळी मादी आली. बोट चापापासून लांबच ठेवलं, तिने अर्धा तास खाल्लं. हाड फुटल्याचा आवाज साठ यार्डांवरून ऐकू येतो.

सहाव्या संध्याकाळी कवडा पक्ष्यांचा आवाज एकाएकी बंद झाला. शिकाऱ्याचं बोट माझ्या गुडघ्यावर टेकलं. तेच ठरलेलं होतं, एकदा टेकलं म्हणजे आलाय, दोनदा म्हणजे मार. गाल टेकवला. दुर्बीण ६ वर. फांदीवर तो होता, पण तोंड आमच्याकडे. छाती समोर. इतका वेळ वाट पाहून झाल्यावर हात शिवशिवतात, खोटं सांगत नाही. वाळवंटी यांचं वाक्य आठवलं, नाही दिली तर नाही मारायचा. मोजायला लागलो. एकशे दहाला पोहोचलो असेन. तो मांसावर वाकला, डावा फरा आला. गुडघ्यावर दोन टकटक. लाल ठिपका पुढच्या पायावरून वर नेला आणि चाप सुटला.

जुन्या दुर्बिणीतून हे झालं नसतं, बारीक फुली त्या उजेडात मला सापडलीच नसती. भिंगवाला, तुमचे आभार कसे मानू.

बिबट्या दगडासारखा खाली गेला. मग गवतात खसखस, आणि मग काही नाही.

---

बाभूळबन

अभिनंदन. गोळीचं काय झालं? बाहेर पडली?

---

लिंपोपोकाठ

पडली. शिरतानाचं भोक करंगळीएवढं, बाहेर पडतानाचं रुपयाच्या नाण्याहून मोठं. दोन्ही फुप्फुसं. नर होता, कॅम्पच्या काट्यावर ६३ किलो. दात झिजलेले, वरचा उजवा सुळा तुटलेला. खडकीकाका, साधी मऊ नाकाची घ्या म्हणालात ते अगदी बरोबर होतं.

---

रानजाई

मी हा धागा रोज उघडत होते. तुमचं अभिनंदन मला करता येणार नाही. पण सांगा, गवतात आवाज झाल्यावर आत कोण गेलं?

---

लिंपोपोकाठ

ताई, वीस मिनिटं थांबलो. अंधार पडला. शिकाऱ्याने गाडी बोलावली, दोन मोठे दिवे घेतले. मी विचारलं, मी येऊ का. तो म्हणाला, रायफल रिकामी करून, माझ्या डाव्या हाताला, आणि मी सांगेपर्यंत एक शब्द नाही. पुढे मागकाढ्या, त्याच्या खांद्यामागे शिकारी बारा बोअर घेऊन, मग मी, मागे दिवेवाला. झाडाखाली रक्त होतं, ज्वारीच्या दाण्याएवढं नव्हे, ओंजळभर, फेसाळ. मागकाढ्या वाकला, फेस बोटावर घेतला, दिव्यापुढे धरला आणि वळून आमच्याकडे बघून पहिल्यांदा श्वास सोडला. एकतीस पावलं होती. तो कुशीवर पडला होता, डोळे उघडे. मागकाढ्याने लांब काठीने डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही. मग त्याने काठी खाली ठेवली आणि खाली बसला, बराच वेळ तसाच बसून राहिला. आम्हीही बसलो.